श्यामकांतभाऊंची कावळा शिवलेली गाणी

बोर्डीत कुणाकडचं माणूस गेलं की दोन-चार दिवसांत त्या घरातलं कुणीतरी श्यामकांत सावे यांच्या पडवीत येऊन बसतं. चहा घेतं, कोपऱ्यातल्या पियानोकडे बघतं आणि हळूच म्हणतं, भाऊ, ते गाडीचं गाणं मोबाइलवर पाठवाल का, दहाव्याला लागेल. श्यामकांतभाऊ पाठवतात. ते प्रेमाचं गाणं आहे, असं पूर्वी सांगायचे. आता सांगत नाहीत.

मी त्यांच्या शेजारची. आमच्या महिला भजनी मंडळात त्यांची बायको वसुमतीवहिनी पेटी वाजवतात, मी टाळ. त्यामुळे या सगळ्या प्रकारात मी पहिल्यापासून आहे.

श्यामकांतभाऊ नोकरीला तलासरीत, पंचायत समितीत. रोज सकाळी एसटी, ती चुकली तर शेअरची इको गाडी. त्यांचे वडील इथल्या एका इराणी शेठच्या वाडीत मेहताजी होते. शेठ वाडी विकून मुंबईला गेले तेव्हा जाताना म्हणाले, मेहताजी, काय हवं ते घ्या. वडिलांच्या मनात पाण्याचा पंप होता, पण मागायची लाज वाटली म्हणून त्यांनी पियानोकडे बोट दाखवलं. बैलगाडीतून तो घरी आला. वडिलांना त्याचं काय करायचं ते शेवटपर्यंत कळलं नाही. मुलाला मात्र कळलं. शिकवायला कुणी नव्हतं, तेव्हा मंडळातली भजनं ऐकून ऐकून बोटं बसवली. मग स्वतःची गाणी रचू लागले.

ते गाडीचं गाणं वहिनींवर आहे. लग्नाआधी वहिनी वेवजीच्या शाळेवर होत्या आणि संध्याकाळच्या शेवटच्या गाडीने घरी जायच्या. भाऊ नाक्यावर उभे राहून गाडी बघायचे. बोलायची हिंमत नव्हती.

गेली गेली गाडी गेली, धूळ राहिली मागे,
तुझ्या रिकाम्या बाकावरती ऊन एकटे जागे.

एवढंच. मागे नुसता पियानो, मऊ, कापसात गुंडाळल्यासारखा. भाच्याने अशी सात-आठ गाणी मोबाइलवर रेकॉर्ड करून 'शेवटची गाडी' या नावाने यूट्यूबवर टाकली. आम्ही मंडळातल्या बायकांनी ऐकली, आणखी थोड्या लोकांनी ऐकली, आणि तिथेच ते संपलं असतं.

पण मग आमच्या शाळेचे जुने गुरुजी वारले. दहाव्याला समुद्रावर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. सुरूच्या झाडांवर ही एवढी रांग, पण एक खाली येईल तर शपथ. मुलांनी हात जोडून सगळं कबूल केलं. वाटणी नीट करू म्हणाले, वाचनालयाला पुस्तकं देऊ म्हणाले, धाकट्याने तर दाढी करायचंसुद्धा कबूल केलं. ऊन चढलं. भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तेवढ्यात गुरुजींच्या नातवाचा फोन वाजला. त्याने रिंगटोन म्हणून हे गाणं लावलं होतं. गेली गेली गाडी गेली, एवढं वाजतंय तोवर एक कावळा उतरला, सरळ पिंडाला शिवला आणि भाताचं शीत घेऊन उडाला.

झालं. सगळा समुद्रकिनारा रडला.

त्यानंतर डहाणूपासून तलासरीपर्यंत कुठेही कावळा अडला की श्यामकांतभाऊंचं गाणं. मी स्वतः चार-पाच ठिकाणी पाहिलं, कावळे खरंच यायचे. देवाच्या मनात काय असतं ते आपण कोण सांगणार. पण भाऊंचं जगणं अवघड झालं. लग्नात जेवायला बसले की शेजारचा हळूच विचारायचा, कोण गेलं? आजारी माणसाला भेटायची तर सोयच उरली नाही. एका मित्राला ताप होता म्हणून शहाळी घेऊन गेले, तर मित्राच्या बायकोने दार अर्धंच उघडलं आणि म्हणाली, "अजून नाही हो, भाऊ." शहाळी ठेवून घेतली, दार लावून घेतलं.

हे सगळं त्यांनी हसण्यावारी नेलं असतं. पण त्यांच्या मुलीचं, सईचं लग्न ठरलं.

मुलगा चांगला. सुदर्शन चुरी, डहाणू रोडला रेल्वेत, घर तलासरीत. घरात आईवडील आणि आजी, हिरूआजी. त्या घरात हिरूआजी बोलली की पंखासुद्धा हळू फिरतो. साखरपुड्याला सगळं गोडीगुलाबीत पार पडलं, पेढे फिरले, आणि निघता निघता आजी दारात थांबली. भाऊंना म्हणाली, "व्याही, राग मानू नका. तुमची गाणी मांडवात नको. ज्याला कावळा शिवला ते हळदीला कसं चालेल?"

  आजीचं चुकलं असं तरी कसं म्हणायचं? मला वाटतं देवाला कुठलं गाणं कुठे वाजलं याचं काही नसतं, पण मी पेढ्यांचं ताट आवरायला घेतलं.

पाहुणे गेल्यावर भाऊ पियानोच्या स्टुलावर बसून राहिले. सई लहान असताना तिला मांडीवर घेऊन ते वाजवायचे आणि सांगायचे, तुझ्या हळदीला मी असा वाजवीन की अख्खी बोर्डी नाचेल. ती पोरगीही मोठी होईपर्यंत हेच सगळ्यांना सांगत आली. वहिनी समजूत घालायला गेल्या, हळदीला डीजे असतोच, कुणाचीही गाणी वाजवेल. भाऊ म्हणाले, "तेच ना. तिच्या हळदीला सगळ्या जगाची गाणी वाजणार, एक बापाचं सोडून."

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसातून परस्पर आजीकडे गेले. काय बोलले ते सुदर्शनने सईला सांगितलं, सईने मला. भाऊंनी विचारलं, नवीन गाणी केली तर? आजीने पुष्कळ वेळ सुपारी कातरली. मग म्हणाली, नवं कोरं असेल, कुणाच्या मयताला वाजलेलं नसेल, तर एक वाजवा.

एकासाठी भाऊंनी अख्खा अल्बम केला. त्यांचं म्हणणं, एकच केलं आणि ते बिघडलं तर? आणि या वेळी मऊ काही नको. आवाज असा मोठा पाहिजे की तो ऐकून कुणालाही मरणाची आठवण येता कामा नये. अल्बमचं नावही त्यांनी आधीच ठरवलं, 'उठा आता'. वहिनी म्हणाल्या, नाव जरा वेगळं ठेवा. त्यांनी ऐकलं नाही.

मोठ्या आवाजासाठी ते वेवजीच्या शैलेशकडे गेले. शैलेशचा साउंडचा धंदा. टेम्पोभर काळे खोके, पुढे दिवे, आणि सगळ्यावर 'शैलेश साउंड, वेवजी' असं रंगवलेलं. इकडे-तिकडे दोन्हीकडे त्याला मागणी, गुजरात बॉर्डरच्या पलीकडे गरब्याला आणि अलीकडे हळदीला. तो घरी आला, पियानोवर एक बोट मारून ऐकलं आणि म्हणाला, "काका, आ तो झोपलाय."

मग त्याने पियानोची खालची फळी काढली. आत गोणपाट, गोणपाटाखाली पेंढा आणि पेंढ्यात चिकू. वहिनी दर वर्षी तिथेच चिकू पिकत घालायच्या. बंद लाकडी जागा, ऊब राहते, मुंग्या कमी. त्यांच्या सासूबाईंनीच ही जागा दाखवली होती. भाऊ इतकी वर्षं वाजवत होते, पण खाली वाकून कधी बघितलं नव्हतं. म्हणजे सगळा तालुका ज्या मऊ आवाजाला डोळे पुसत होता, तो अर्धा चिकूंचा होता.

सगळं बाहेर काढलं. दोन टोपल्या भरल्या, वर पाच-सहा चिकू सुकून खारकेसारखे झालेले निघाले. मग भाऊंनी वाजवून पाहिलं आणि आम्ही सगळ्या दचकलो. पत्र्यावर दगड पडावेत तसा आवाज. काही पट्ट्या खणखणीत, काही नुसत्याच लाकडावर टक् करणाऱ्या, आणि एक खालची पट्टी दाबली की शेजारच्या दोन आपण होऊन वाजायच्या. शैलेश खूश झाला. वहिनींनी मात्र विचारलं, आता चिकू कुठे घालू? ते शेवटी फ्रिजच्या मागे गेले.

रेकॉर्डिंग दोन महिने चाललं असेल. भाऊंनी कुणाला नाही म्हटलं नाही. अमृत बँडवाल्यांचं पथक आलं. वेवजीहून तुक्यादादा फुंकून वाजवायचा भोपळ्याचा तारपा घेऊन आले. आम्हा भजनी मंडळाच्या बायकांना 'हो हो' म्हणायला उभं केलं. हो म्हणजे कसला हो, हे शैलेश आम्हाला समजावायचा, "काकी, देवळातला हो नको, मांडवातला हो." आमचा हो काही बदलेना. तो शेवटी म्हणाला, चालेल, खाली बेस टाकतो.

अल्बम तयार झाला तेव्हा भाऊंनी आम्हाला बोलावून ऐकवला. ऐकताना मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही. अल्बम वरखाली झाला होता. तलासरीच्या नाक्यावरचं एक गाणं फार छान, ऐकताना बसल्या जागी मान हलते. हळदीचंच एक होतं, तेही बरं. पण एका गाण्यात पियानो ऐकूच येत नाही, आणि सगळे थांबले की शेवटी एकटाच वाजत राहतो, जसं सगळे निघून गेल्यावर एखाद्याला कळावं. एक अंगाईगीत होतं, त्याच्या खाली शैलेशने असा ठेका टाकला होता की झोपलेलं मूल पाळण्यातून उडी मारेल. आणि प्रत्येक गाण्यात मध्येच भरदार आवाजात 'शैलेश साउंड, वेवजी!' महालक्ष्मीच्या गाण्यातसुद्धा. आई, उदे गं, शैलेश साउंड, वेवजी. मी मनातल्या मनात आईची माफी मागितली.

सगळ्यात शेवटचं गाणं 'सगळे या'. सईसाठी रचलेलं, या गं या रे, लेकीला हळद लावायला सगळे या. शब्द साधे, चाल गोड. पण भाऊंना वाटलं, हे लेकीचं, यात सगळेच हवेत. आता सगळे एका दिवशी कुठून जमणार? बँडवाल्यांनी एका दिवशी वाजवलं, तुक्यादादांनी दुसऱ्या, आम्ही तिसऱ्या दिवशी गायलं, आणि शैलेशने ते सगळं एकावर एक चढवलं. बँड घाईत, तारपा निवांत, पियानोचं तिसरंच आणि आमचा हो ओळ संपून गेल्यावर. ठेका धरावा तर तो हातातून मासोळीसारखा निसटतो. वहिनी म्हणाल्या, हे काढून टाका. भाऊंनाही ते पटलं होतं. पण तुक्यादादा दोन गाड्या बदलून आले होते, पैसेही घेतले नव्हते, त्यांना काय सांगायचं? म्हणून ते गाणं ठेवलं, पण सगळ्यात शेवटी.

हळदीला आठवडा राहिला होता. भाऊंनी सगळ्यांना बजावलं की हळदीआधी हे कुणाला ऐकवायचं नाही. आम्ही नाही ऐकवलं.

त्या सोमवारी ते ऑफिसात पोचले, तर कैनाडहून येणारा एक जण टेबलाशी येऊन त्यांचे हात हातात घेऊन म्हणाला, भाऊ, नवीन गाणी ऐकली, धोंडीबाबांचा आत्मा शांत झाला.

झालं होतं असं. कैनाडचे धोंडीबाबा गेले. वय झालेला, हौशी माणूस. घरच्यांनी दहाव्याला शैलेशला स्पीकर लावायला बोलावलं आणि सांगितलं, श्यामकांतभाऊंचं गाणं लाव. शैलेशला वाटलं, जुनं कशाला, बाबा एवढे हौशी होते. त्याने पेनड्राइव्ह घातला. ओढ्याकाठी भटजी बसलेले, पिंड मांडलेला, माणसं मान खाली घालून उभी, आणि चार खोक्यांमधून एकदम आरोळी, 'उठा आता!'

दोन म्हाताऱ्या खाली बसल्या. कैनाडातला एकूण एक कावळा उडाला तो डहाणूच्या दिशेने गेला.

बंद करा म्हणावं, तर धोंडीबाबांचा थोरला म्हणाला, नको, बाबांना आवडलं असतं. मग कावळा परत येईपर्यंत एकामागून एक गाणी वाजत राहिली. लोक आधी नुसते उभे होते. मग नाक्याचं गाणं लागल्यावर पाय हलायला लागले, ते कुणाच्या हातात नव्हतं. सुतकातली माणसं, डोळ्यांत पाणी आणि खांदे उडतायत. भटजीसुद्धा, म्हणे, पळीने ताल धरत होते. आणि शेवटून दुसरं गाणं संपलं तेव्हा जनरेटरचं डिझेल संपलं. एकदम शांत झालं. त्या शांततेत कुठून तरी एक कावळा आला आणि शिवला.

भाऊ हे ऐकून टेबलावरच बसले. त्या दिवशी त्यांनी कुणाचा अर्ज पाहिला नाही. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी पियानोवर चादर टाकली. शैलेश माफी मागायला आला, तर त्याला रागावलेही नाहीत. नुसतं म्हणाले, तुझी चूक नाही बाबा, माझीच गाणी तशी. आम्ही बायकांनी सुचवलं की आजीला कोण सांगणार आहे, वाजवून टाका. पण कैनाड हिरूआजीचं माहेर. धोंडीबाबा तिचा चुलतभाऊ. ती त्या ओढ्यावर खाली बसलेल्या दोन म्हाताऱ्यांपैकी एक होती.

हळदीच्या दिवशी सकाळी मांडवात सगळी जमली. सई पाटावर बसली, हिरवा चुडा, पिवळं लुगडं. आता फक्त तलासरीहून मुलाची उष्टी हळद यायची होती. ती आल्याशिवाय मुलीला लावता येत नाही. करवल्या घेऊन येतात तशी यायला हवी होती, पण गाडीतून हिरूआजी स्वतः उतरली, हळदीची वाटी पदराखाली धरून. येऊन खुर्चीत बसली. वाटी मांडीवर, वाटीवर हात. कुणाला देईना.

शैलेशचे खोके मांडवाबाहेर लागले होते, त्यांवर कसलीशी पिक्चरची गाणी चालू होती. आजीने ती बंद करायला लावली. मग भाऊंना विचारलं, त्यांचं गाणं कुठे आहे.

भाऊ म्हणाले, "आजी, माझ्याकडे कोरं गाणं उरलं नाही. तुम्ही तिथे होतात."

"मी होते म्हणूनच विचारते. सगळी वाजली का?"

भाऊंना माहीत नव्हतं. शैलेश पुढे आला. चेहरा पडलेला. म्हणाला, नाही, एक राहिलं. डिझेल संपलं ना. शेवटचं राहिलं.

"मग ते लाव," आजी म्हणाली.

 भाऊ म्हणायला लागले की ते गाणं जमलेलं नाही, सगळ्यात वाईट तेच आहे, त्यापेक्षा काही न वाजलेलं बरं. वहिनी मान हलवत होत्या. सई पाटावरून म्हणाली, "बाबा, वाजू द्या."

शैलेशने लावलं. सुरुवातीला पियानो, खणखणीत आणि टक्-टक्. मग बँड घुसला, कुणीतरी दार चुकून आत यावं तसा. तारपा आपल्या चालीने लांब कुठूनतरी येत राहिला. आमचा हो उशिरा आला तेव्हा मला मांडवात लाजल्यासारखं झालं. मध्येच शैलेश साउंड, वेवजी. सगळी माणसं हातात अक्षता असल्यासारखी उभी, कुणी हसेना, कुणी नाचेना, सगळे आजीकडे बघतायत. आजीने डोळे मिटले होते. गाणं लांबलचक, संपता संपेना. संपलं असं वाटलं की बँड पुन्हा उचल घ्यायचा.

शेवटी संपलं. आजीने डोळे उघडले.

"हे कुणाच्या दहाव्याला वाजायचं नाही," ती म्हणाली. "कावळा फांदीवर टिकेल तर ना."

भाऊंनी मान खाली घातली. त्यांना ती नकार देतेय असं वाटलं. मलाही तसंच वाटलं होतं. पण आजीने वाटीवरचा हात काढला आणि वाटी त्यांच्या पुढे धरली. म्हणाली, आता हे गाणं तिच्या हळदीचं, दुसऱ्या कशाचं होणार नाही. आणि शैलेशला, परत लाव.

वहिनींनी पहिली हळद लावली, मग आम्ही. शैलेशने या वेळी आवाज पूर्ण सोडला, मांडवाचं कापड फुगून वर गेलं. लोक नाचायला उतरले खरे, पण नाचणार कसं? ज्याला जे सापडलं त्याने ते धरलं. बोर्डीची पोरं बँडवर उड्या मारत होती. उंबरगावकडचे पाहुणे होते, त्यांनी पियानोच्या टक्-टक्वर दोन टाळीचा गरबा सुरू केला. तुक्यादादांच्या बरोबरची माणसं एकमेकांच्या कमरेत हात घालून तारप्यावर आपल्या चालीने गोल फिरत राहिली, ती बाकीच्यांच्या मधून जात होती पण कुणाला लागत नव्हती. आणि आम्ही बायका कडेला उभ्या राहून आमच्या 'हो'ची वाट बघत होतो.

सईने बापाला हाताला धरून मध्ये ओढलं. त्यांच्या तोंडाला, कानाला, चष्म्याला हळद. त्यांना स्वतःच्या गाण्याचा ठेका मिळेना. दोन्ही हात वर करून ते उभे राहिले, डोकं हलवत, आता येईल, आता येईल म्हणत. सई हसून हसून वाकली होती. हिरूआजी खुर्चीतून उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "व्याही, वाट कसली बघता? घ्या कुठूनही."

आणि त्यांनी घेतला.